गवत, वीट आणि पाणी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला जे पत्र पाठविले त्यात आजचा विषय 'भांडवलशाही आणि तिची डावी चिकित्सा' असा घातला होता. पत्र वाचून आम्ही थोडे घाबरलो. या विषयावर बोलावयाचे म्हणजे जर्मन तत्त्वज्ञान, इंग्रजी अर्थशास्त्र आणि फ्रेंच राज्यक्रांती अशी त्रिस्थळी यात्रा करावी लागते, आणि यात्रा अर्ध्यावर येते न येते तोच मागच्या रांगेतील मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. शिवाय उकाडा आहे. म्हणून आम्ही ठरविले की, आज विरारच्या पलीकडे जावयाचे नाही, गेलोच तर गाडीने तलासरीपर्यंत. मार्क्सला बोलवू, पण त्यानेच इकडे यावे. आपण त्याच्याकडे लंडनला जावयाचे नाही.

प्रारंभ एका योगायोगाने करतो. 1867 च्या एप्रिल महिन्यात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत जाणारी पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी सप्टेंबरात हॅम्बुर्ग येथे मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता हे आम्ही जाणतो. विरारच्या स्टेशनमास्तराने तो ग्रंथ वाचला नसेल आणि मार्क्सने विरारचे नावही ऐकले नसेल. परंतु हिंदुस्थानातील आगगाडीवर त्याचे लक्ष मात्र होते. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात त्याने हिंदुस्थानावर लेख लिहिले. इंग्रज गिरणीवाले हे रूळ कापूस स्वस्तात बाहेर नेण्यासाठी टाकीत आहेत, पण ज्या देशात कोळसा आणि लोखंड आहे त्या देशात एकदा यंत्र आणले की त्याची पुढची प्रगती त्यांना थोपविता येणार नाही, असा त्याचा अभिप्राय होता. आगगाडीमुळे जातिव्यवस्थेचा पाया ढासळेल असेही त्याला वाटले. पहिले भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले. दुसऱ्याविषयी आपण सर्वांनी वधूवरसूचक मंडळांच्या जाहिराती वाचलेल्या आहेत, तेव्हा अधिक बोलत नाही.

पण गाडी काय काय नेते हा प्रश्न त्याने नेमका विचारला होता. आपल्या या लोहमार्गाने उत्तरेकडून मुंबईला काय गेले? माणसे गेली, हे तर आहेच. त्याखेरीज वसईची केळी गेली, आगाशीची पाने गेली, भाजी आणि फुले गेली. त्याच्याही वरून, डहाणू आणि उंबरगावच्या बाजूने, इमारती लाकूड गेले, कोळसा गेला, आणि गवत गेले. आज आम्हाला प्रथम बोलावयाचे आहे ते या गवताविषयी.

मुंबईसारख्या शहराला दूध लागते. ते देणाऱ्या म्हशी शहरातच तबेल्यांत बांधलेल्या असत, आणि म्हशीला वैरण लागते. ती गासड्या बांधून डहाणूकडून येई. मुंबईत सकाळी चहा घेणाऱ्या गृहस्थाला दूध दिसे, फार तर भय्या दिसे. त्यामागचा तबेला दिसत नसे. तबेल्यामागची गासडी, आणि तिच्यामागचा विळा धरलेला वारली, हे दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता. मार्क्सने ज्याला क्रयवस्तूचे गूढ म्हटले ते हेच होय. वस्तू बाजारात आली की तिच्या अंगावर फक्त किंमत लिहिलेली असते. ती कोणी, कोणत्या अवस्थेत केली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंतील संबंधाचे रूप घेतात. पाऊण आण्याचे दूध आणि पाऊण आण्याचा पाव यांची बरोबरी आपण सहज करतो, पण त्या बरोबरीच्या पोटात दोन माणसांच्या आयुष्याची तुलना होऊन गेली आहे हे आपल्या ध्यानी येत नाही. या विचाराला लोक फार अवघड समजतात. आमच्या मते तो अवघड नाही, गैरसोयीचा आहे.

आता तो वारली कसा जगत होता ते पाहू. जमीन मूळची त्याची, निदान त्याच्या पूर्वजांनी जंगल साफ करून केलेली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कायदा आला, सारा रोखीने भरण्याची सक्ती आली, जंगलखाते आले, आणि रोकड देणारा सावकार व जंगलाचा ठेकेदार आला. ज्याला लिहिता येत नव्हते त्याची जमीन लिहिता येणाऱ्याच्या नावावर गेली. एका पिढीत मालकाचा कूळ झाला आणि पुढल्या पिढीत कुळाचा गडी. पावसाळ्यात खाण्यासाठी भात उसने घ्यावयाचे, म्हणजे खावटी. ती सुगीला वाढत्या मापाने फेडावयाची, आणि फिटली नाही तर पुढल्या वर्षाच्या खात्यावर ओढावयाची. त्यापुढे वेठ. जमीनदाराचे बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर जावयाचे, आणि तेही फुकट.

यात सर्वांत भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नाला पैसे हवेत म्हणून वारली तरुण सावकाराकडून काही रुपये घेई, आणि त्या कर्जापोटी स्वतः गडी म्हणून राही. एकटा तोच राहत नसे, जिच्याशी लग्न केले तीही राही. म्हणजे ज्या घटनेने माणसाचा संसार सुरू व्हावयाचा त्याच घटनेने तो दुसऱ्याच्या मालकीत जाई. कर्ज आयुष्यभर फिटत नसे, कारण हिशेब मालकाकडे आणि राबणे गड्याकडे अशी कामाची वाटणी होती. हे सारे कम्युनिस्टांनी रचलेले कुभांड आहे असे त्या काळी म्हटले जाई. परंतु 1939 साली सिमिंग्टन या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने मुंबई सरकारला जो अहवाल सादर केला त्यात वेठीचे आणि मारहाणीचे वर्णन आहेच. सिमिंग्टन साहेबावर डावेपणाचा आरोप अद्याप कोणी केलेला नाही.

येथे एक पुस्तकी शंका निघते. मार्क्सच्या मते भांडवलशाहीतील कामगार दुहेरी अर्थाने मोकळा असतो: आपली श्रमशक्ती कोणालाही विकण्यास मोकळा, आणि उत्पादनाची साधने गमावल्याने त्यांच्यापासूनही मोकळा. लग्नगडी पहिल्या अर्थाने मुळीच मोकळा नव्हता. मग याला भांडवलशाही म्हणावे की सरंजामशाही? या प्रश्नावर आपल्याकडील विद्वानांनी साठ-सत्तरच्या दशकांत नियतकालिकांतून पुष्कळ शाई खर्च केली. ती वाया गेली असे आम्ही म्हणत नाही. परंतु गासडीच्या बाजूने पाहिले तर गोष्ट सरळ आहे. गासडी मुंबईला बाजारभावाने विकली जाई, आणि ती बांधणारे श्रम मात्र चाबकाच्या भावाने मिळत. एका टोकाला मागणी-पुरवठा, दुसऱ्या टोकाला वेठ. जुन्या गुलामगिरीला नव्या बाजाराने मोडले नाही, कामाला लावले. बाजार आला की चाबूक आपोआप जाईल, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी उंबरगाव तालुक्याचा इतिहास अवश्य वाचावा.

त्या इतिहासाला कलाटणी मिळाली 1945 साली. जानेवारीत टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे त्या सभेचे पुढारी. दोघेही मूळचे भारत सेवक समाजाचे, म्हणजे गोखल्यांच्या नेमस्त परंपरेतले. शामराव 1937 साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळावर निवडून आले होते आणि खोतीविरुद्धच्या चळवळीत डॉक्टरांच्या बरोबरीने उभे राहिले होते. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. अशी माणसे कम्युनिस्ट का झाली याचे उत्तर पक्षाच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा ठाणे जिल्ह्याच्या जंगलात शोधणे बरे. टिटवाळ्याला काही वारली आले, त्यांनी ऐकले, लाल बावटा पाहिला आणि तो घेऊन ते परत गेले. 23 मे 1945 रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद झाली. काही हजार माणसे जमली. निर्णय काय झाले? वेठ करावयाची नाही. लग्नगडी राहावयाचे नाही. मालकाच्या खाजगी शेतावर राबावयाचे तर रोजाचे बारा आणे रोख घ्यावयाचे. खाजगी मालमत्ता नष्ट करा, श्रमिकांची हुकूमशाही आणा, असे तेथे कोणी म्हटले नाही. कामाचे पैसे द्या, इतकेच. ही मागणी कोणत्याही नेमस्त माणसाने करावी अशी होती, आणि तिने सारा तालुका हादरला. मागणीचे मोठेपण तिच्या शब्दांत नसते, ती कोणत्या व्यवस्थेपुढे केली आहे यात असते.

झरीहून निघाल्यावर बावट्याचे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लग्नगड्यांना मोकळे करीत गेले. अवघ्या काही आठवड्यांत ही पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा कोसळली. श्रोतेहो, यात विचार करण्यासारखे काही आहे. कायदा बदलला नव्हता. सरकार इंग्रजांचेच होते. शस्त्र कोणाकडे नव्हते. फक्त एका गड्याने मालकाच्या ओसरीवरून उतरून जावयाचे आणि त्याच्यामागे शंभर माणसे उभी आहेत हे मालकाने पाहावयाचे, एवढेच घडले. मार्क्सवादी परिभाषेत एक फरक सांगतात: वर्ग नुसता असणे आणि वर्गाने स्वतःला ओळखणे. ही जर्मन पद्धतीची वाक्ये वाचताना आमचा नेहमी गोंधळ होई. गोदावरीबाईंनी पुढे 1970 साली आपले अनुभव लिहिले त्या पुस्तकाचे नाव 'जेव्हा माणूस जागा होतो' असे ठेवले, आणि आमचा गोंधळ मिटला. त्या पुस्तकाला 1972 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी येथील ग्रंथालयातून न्यावे. आणि वेळेवर परत करावे.

मग आला गवताचा हंगाम. ऑक्टोबर महिन्यात गवत कापणीचा संप झाला. वारल्यांची मागणी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये अशी होती. आकडा नीट समजावा म्हणून आपण थोडा हिशेब करू. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. पाचशे पौंडांना चाळीस आणे, म्हणजे एका आण्याला साडेबारा पौंड, आजच्या मापाने साडेपाच किलोंहून थोडे अधिक. इतके गवत उन्हात कापावयाचे तेव्हा एक आणा हाती यावयाचा. ही मागणी होती, बरे का, मिळणारी मजुरी नव्हे. मागणी अशी, तर त्याआधी काय मिळत असेल याची कल्पना करावी. संप मोडेना. तेव्हा तलवाडा येथे सभा आहे, बाईंना धोका आहे, अशा अफवा पसरविण्यात आल्या. हजारो वारली तेथे गोळा झाले आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली, त्यांत जेठ्या गांगड होता. गोळीबार सुरू असताना माणसे बावट्याभोवतून हलली नाहीत असे सांगतात. परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर घालविण्यात आले. पुढील वर्षी, 1946 साली, जंगलतोडीच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला, आणि आता मुंबईत सरकार काँग्रेसचे होते. राज्यकर्ते बदलले तरी हद्दपारीच्या हुकुमाचा नमुना बदलला नाही, हेही नमूद करून ठेवले पाहिजे. तथापि मजुरी वाढली, वेठ गेली ती परत आली नाही. शामरावांना याच ठाण्याने 1957 साली लोकसभेवर पाठविले. 1965 साली ते स्थानबद्धतेतच वारले.

येथवर आपल्या वसईकर मंडळींना असे वाटत असेल की, ही तिकडची, जंगलातली हकिगत आहे. आमचा इकडे वाडीचा मुलूख, विहिरीचा आणि रहाटाचा. आम्हाला कोणी वेठीला धरले नाही, आणि आम्ही कोणाला धरले नाही. हे पुष्कळसे खरे आहे. वसईच्या बागायतदाराने सावकाराला तोंड दिले ते निराळ्या मार्गाने. 1918 साली येथे कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली, तिची पुढे मोठी बँक झाली. सहकार हाही भांडवलशाहीवरील टीकेचाच एक प्रकार आहे, जरी त्या बँकेच्या भागधारकांना हे ऐकून धक्का बसेल. मार्क्सने 1864 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघाच्या उद्घाटनाच्या पत्रकात सहकारी कारखान्यांची वाखाणणी केली आहे. मालकावाचून मोठे उत्पादन चालू शकते हे त्यांनी वादाने नव्हे, कृतीने दाखविले, असे त्याचे म्हणणे. मात्र एवढ्यावर भागणार नाही असेही त्याने लगेच बजावले. वर्तुळ लहान राहिले तर बाहेरची मक्तेदारी त्याला गिळते.

पण आता वेठबिगारीकडे परत येऊ, कारण ती आपल्या दारापर्यंत आली होती. 1976 साली केंद्र सरकारने वेठबिगार निर्मूलनाचा कायदा केला. झरीच्या परिषदेला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. तरीही 1982 साली विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटना काढली ती वेठबिगारांच्या मुक्तीसाठीच, आणि तिचे पहिले काम सुरू झाले ते या वसई तालुक्यात, विरारपासून हाकेच्या अंतरावरच्या दहिसर गावी. म्हणजे आपण लोकलची वाट पाहत फलाटावर उभे होतो, आणि थोडक्या अंतरावर माणसे कर्जापोटी बांधलेली होती. पंडित मार्क्सवादी नव्हेत. त्याच्या आधी पालघरकडे काळूराम धोदडे यांची भूमिसेना उभी राहिली, 1978 पासून डहाणूकडे कष्टकरी संघटना काम करू लागली. त्यांचेही विचार वेगवेगळे होते आणि लाल बावट्याशी त्यांचे खटकेही उडाले. डाव्या चळवळीचा आम्ही आदर करतो, म्हणूनच तिच्यावरील एक आक्षेप येथे बोलून टाकतो. तिने चाबूक पाहिला आणि तो मोडला. वही मात्र तिला तितकी दिसली नाही. चाबूक गेल्यावर वही राहिली, आणि वहीला नव्या हंगामात नवे नाव मिळाले.

ते नाव बयाणा. पावसाळ्याच्या शेवटी, घरातले धान्य संपलेले असताना, वीटभट्टीचा मालक किंवा त्याचा मुकादम जव्हार, विक्रमगड, मोखाड्याच्या पाड्यांवर जातो आणि कुटुंबाला काही हजार रुपये हातावर देतो. लग्न, आजारपण, घराचे छप्पर, कारण काहीही असो. दिवाळीनंतर ते कुटुंब भट्टीवर येते. नवरा, बायको, आणि चिखल मळायला, विटा उलटायला मुले. आठवड्याला खावटीपुरते पैसे मिळतात. हंगाम संपला की हिशेब होतो, हजार विटांचा दर लावून, बयाणा आणि खावटी वजा करून. पुष्कळांच्या वाट्याला शिल्लक येते ती उणे, आणि उणे शिल्लक म्हणजे पुढल्या वर्षीही तीच भट्टी. कातकरी समाजात तर हे चक्र पिढीजात झाले आहे. लग्नगड्याशी याचे नाते ओळखण्यासाठी मार्क्स वाचलेला असावा लागत नाही.

आणि त्या विटा कोठे जातात? तुम्ही ज्या घरांतून उठून येथे आला आहात त्या घरांकडे पाहा. 1982 च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. संप हरला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबे चाळीतली खोली विकून नालासोपारा-विरारला आली. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उठले. ज्या कामगाराच्या श्रमाने त्या जमिनीला किंमत आली तो साठ किलोमीटर लांब फेकला गेला, आणि ज्या घरात तो राहावयास आला त्या घराची वीट बयाण्यावर आलेल्या आदिवासीने थापली होती. एका हरलेल्या माणसाचे छप्पर दुसऱ्या हरलेल्या माणसाच्या पाठीवर उभे राहते. दोघांची कधी गाठ पडत नाही. मधे ठेकेदार असतो, बिल्डर असतो, बँकेचा हप्ता असतो.

लोकलच्या प्रवासाचाच हिशेब घ्या. विरारहून चर्चगेटला जाऊन यावयाचे, दारापासून दारापर्यंत तीन तास धरा. बसलेल्यांपैकी अनेक जण आम्ही कमी धरतो आहोत असे म्हणतील. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊशे तास. आठ तासांच्या कामाच्या दिवसाने भागले तर एकशे बारा दिवस. 'आठ तास काम' या मागणीसाठी शिकागोच्या कामगारांनी 1886 साली जीव दिले. आणि आपण वर्षाचे एकशे बारा जादा दिवस दारातल्या दांड्याला लोंबकळत, बिनपगारी, मुकाट्याने देऊन टाकतो. यांचे पैसे मालक देत नाही, कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर जे घडते त्याची वही तो ठेवीत नाही. कामगाराने दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होण्यास जे जे लागते, अन्न, झोप, घर, प्रवास, ते सारे श्रमशक्तीच्या मूल्यात मोजले पाहिजे, असे मार्क्स सांगतो. विरार लोकलचा दरवाजा त्याने पाहिला असता तर त्या प्रकरणाला एक जोडप्रकरण नक्की लिहिले असते.

इकडे आपल्या वाडीचे काय झाले तेही सर्वश्रुत आहे. नगररचनेचे अधिकार 1990 साली सिडकोकडे गेले. त्याच सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, मोर्चे काढले, दहशतीपुढे ते वाकले नाहीत. केळीच्या वाडीला दोन किमती असतात. एक, ती वर्षाला किती लोंगर देते ही. दुसरी, ती किती चौरस फुटांना विकली जाईल ही. अर्थशास्त्रात यांना उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य म्हणतात. दुसरी पहिलीच्या शंभरपट झाली की वाडी कसणारा वेडा ठरतो. ज्यांनी वाडी विकली त्यांना आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि शेजारच्या इमारतीचे विहिरीत उतरणारे सांडपाणी, या तिघांशी एकाच वेळी लढणे सोपे नसते. ज्यांनी विकली नाही त्यांच्या विहिरींवर टँकर उभे राहिले. आम्ही राहतो त्या इमारतीला कित्येक वर्षे टँकरचे पाणी येत असे. रात्री बारा वाजता भोंगा वाजला की आमच्या घरातील सर्व माणसे बादल्या घेऊन उठत. ज्या विहिरीवर पूर्वी वाटसरूला पाणी फुकट मिळे त्या विहिरीचे पाणी आम्ही हजार लिटरच्या भावाने विकत घेत होतो, आणि ते संपले की सोसायटीच्या सभेत शब्दशः एकमेकांच्या अंगावर धावून जात होतो.

मग नळाला पाणी आले. तेव्हा आम्हाला झालेला आनंद आजही आठवतो. ते कोठून आले याची चौकशी करण्याचे मात्र आम्हाला सुचले नाही, आणि हीच कबुली देण्यासाठी आम्ही आज हा विषय असा मांडला आहे.

ते आले सूर्या नदीचे. धामणी येथे धरण, त्याखाली कवडास येथे बंधारा. हे धरण बांधले ते प्रामुख्याने आदिवासी भागातील शेतीला पाणी द्यावे म्हणून. डहाणू, विक्रमगड आणि पालघर या तालुक्यांतील सुमारे 14,700 हेक्टर जमीन भिजावी असा संकल्प होता. धरणासाठी उठविली गेली ती गावेही आदिवासींची. पुढे शहरे वाढली, आणि शेतीसाठी राखलेले पाणी टप्प्याटप्प्याने शहरांकडे वळविले गेले. सूर्या प्रादेशिक योजनेतून दिवसाला 40 कोटी 30 लक्ष लिटर पाणी द्यावयाचे ठरले, त्यातील 18 कोटी 50 लक्ष लिटर वसई-विरारचे आणि उरलेले मीरा-भाईंदरचे. कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी, ज्यांच्या नावाने धरण मंजूर झाले, ते आमचे पाणी आम्हाला द्या म्हणून मोर्चे काढीत आले आहेत. म्हणजे ज्यांचे गवत कापून मुंबईने दूध घेतले, ज्यांच्या विटांनी आम्ही घरे बांधली, त्यांचेच पाणी आता आमच्या नळाला येते. मध्यंतरी दापचरीला सरकारने मोठा दुग्धप्रकल्प काढला होता, मुंबईचे तबेले तेथे न्यावयाचे म्हणून. त्यासाठीही जमीन गेली ती आदिवासींची. प्रकल्प मोडकळीस आला, गेलेली जमीन गेलीच. मार्क्स ज्याला भांडवलाचा आद्य संचय म्हणतो, म्हणजे कोणाचे तरी काढून घेतल्यावाचून पहिले भांडवल उभे राहत नाही, तो इतिहासात एकदा होऊन संपतो असा पुष्कळांचा समज आहे. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत तो दर पिढीला एकदा होतो. 2024 साली वाढवण बंदराची पायाभरणी झाली तेव्हा किनाऱ्यावरील मच्छीमारांनी काळे बावटे लावले ते याच आठवणीने.

येथे एखादे श्रोते उठून विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की तुम्ही सांगता ते दुखणे खरे, पण तुमच्या वैद्याचे औषध कोठे लागू पडले? 1991 साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, त्याआधी त्या राज्याने आपल्याच शेतकऱ्यांचे काय केले तेही जगाला कळून चुकले आहे. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे, आणि तो डाव्या विचाराच्या मित्रांनीच आधी घेतला होता. 20 नोव्हेंबर 1956 रोजी, मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, डॉ. आंबेडकरांनी काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर भाषण केले. दुःखाचे मूळ खाजगी मालकीत व शोषणात आहे हे त्यांनी नाकारले नाही. हिंसा आणि हुकूमशाही हे मार्ग मात्र त्यांनी नाकारले. याच आंबेडकरांनी 1938 साली मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत असे सांगितले होते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे हा त्यांचा सिद्धान्त 1936 चा. या देशातल्या डाव्यांनी तो वेळेवर ऐकला असता तर गिरणीच्या विणखात्यात अस्पृश्यांना का घेत नाहीत हा प्रश्न लाल बावट्याच्या युनियनने पहिल्या दिवशी विचारला असता. आणि मार्क्स ज्या वर्षी लंडनला वारला त्याच 1883 साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. त्यांना मार्क्स ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या असुडाचा नेम मात्र वहीवरच होता: कुळकर्ण्याची वही, सावकाराची वही आणि सरकारची वही.

तेव्हा आम्ही औषध विकावयास आलेलो नाही. डाव्या विचारातला जो भाग आम्हाला कालबाह्य वाटत नाही तो म्हणजे वस्तूच्या मागे माणूस शोधण्याची त्याची खोड. ती खोड सरकारांनी जपली नाही, कम्युनिस्ट सरकारांनीही नाही. पण 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून चालत निघालेले हजारो शेतकरी, त्यांतले बहुसंख्य आदिवासी, लाल टोप्या घालून मुंबईत शिरले, तेव्हा मुलांच्या दहावीच्या परीक्षेत अडथळा नको म्हणून ते रात्री चालले, आणि मुंबईकर पाणी आणि खाऊ घेऊन रस्त्यावर उभे राहिले. त्यांच्या मागण्यांत पहिल्या क्रमांकावर 2006 च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी होती. पाय सोललेल्या म्हाताऱ्या बायांना वहाणा आणून देणाऱ्या त्या मुंबईकरांपैकी कोणाच्या तरी आजोबांनी 1945 साली डहाणूच्या गवतावरचे दूध प्यालेले असणारच.

आता सूर्याच्या पाण्याविषयी. आपली महानगरपालिका 2009 पासून आहे आणि पालघर जिल्हा 2014 पासून. म्हणजे धरणाखालचे शेतकरी आणि नळाखालचे आपण एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहोत, एकाच जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तरी आजवर त्या दोघांची एकत्र बैठक भरल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शहराच्या जलवाहिन्यांतून किती पाणी गळते, किती सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येईल, पावसाळ्यात छपरांवरचे किती पाणी आपल्या जुन्या विहिरींत उतरविता येईल, आणि तेवढे केल्यावर कालव्याला किती परत देता येईल, हे चार आकडे नागरिकांनी महानगरपालिकेकडे लेखी मागावेत असे आम्हाला वाटते. अर्जाचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे. चिटणिसांच्या परवानगीने तो बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवतो. सह्या करताना पूर्ण पत्ता लिहावा, आणि आपल्या सोसायटीला पाणी कोणत्या योजनेतून येते हे ठाऊक असल्यास तेही. ठाऊक नसल्यास ती जागा कोरी ठेवावी; तिथल्या कोऱ्या जागा किती, हाही एक आकडाच होईल.

अध्यक्षांनी घंटा वाजविली आहे. डहाणूकडे परतणारी मंडळी मागे बसली आहेत, त्यांची गाडी चुकता कामा नये.